विंचेस्टरचा पाणबुड्या

मंडळी, गॉथिक कथीड्रल, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या धाटणीचं बिशपचं मुख्य चर्च, बघायला गेलं की माणसाची मान आपोआप वर जाते. टोकदार कमानी, रंगीत काचा, डोक्यावर दगडी छत. आज मात्र मी तुम्हाला जमिनीखाली घेऊन जाणार आहे, इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कथीड्रलखाली.

बांधकामाचा इतिहास पटकन उरकतो. 1079 मध्ये बिशप वॉकेलिननं नॉर्मन पद्धतीनं, म्हणजे जाड खांब आणि गोल कमानींच्या धाटणीत, काम सुरू केलं. 1200 नंतर बिशप द लूसीनं पूर्वेची बाजू गॉथिक धाटणीत वाढवली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम विनफर्ड या स्थपतीनं मुख्य दालनाचे जाडजूड नॉर्मन खांब तासून त्यांचेच गॉथिक खांब केले. पाडापाडी टाळून घडवलेलं हे रूप मला फार आवडतं. आज इमारतीची लांबी सुमारे 170 मीटर भरते.

पण हा सगळा डोलारा उभा कशावर होता? शेजारून इचेन नदी वाहते आणि जमीन पाणथळ. खाली पीटचा थर, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, भुसभुशीत गाळ. द लूसीच्या काळात त्यावर बीचच्या झाडांचे ओंडके अंथरले आणि वर दगड रचले. सातशे वर्षं पीट दबत राहिला, पूर्वेकडचा भाग खचत राहिला. 1905 च्या सुमारास भिंती ओळंब्यातून स्पष्ट बाहेर गेल्या होत्या, तड्यांमधून दगडाचे तुकडे खाली पडत होते.

वास्तुविशारद थॉमस जॅक्सन आणि अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी ठरवलं की भिंतीखाली थोडं थोडं खणत पीटखालच्या खडीच्या थरापर्यंत जायचं आणि तिथून नवा पाया वर आणायचा. पण खड्डा खडीपर्यंत पोचला की भसाभस पाणी वर येई. तुम्ही म्हणाल, मग पंप लावा की! पंपानं पाण्याबरोबर बारीक मातीही ओढली गेली असती आणि शेजारची भिंत आणखी खचली असती. म्हणून 1906 मध्ये विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या बोलावला.

आता हे काम जरा जवळून बघा. वीसेक फूट खोल खड्डा. पीटमुळे पाणी इतकं काळं की दिवा नेऊनही उपयोग नाही. अंगावर नव्वदेक किलोंचा पोशाख. वॉकर हातानं चाचपत तळ साफ करायचा, वरून आलेल्या काँक्रीटच्या गोण्या एकीला एक भिडवून मांडायचा, मग चिरायचा, म्हणजे काँक्रीट एकजीव होईल. असे थर घट्ट बसले की तळ बंद. त्यानंतरच पंप लावून पाणी उपसायचं आणि गवंड्यांनी कोरड्यात वीटकाम करायचं. हे रोज सहा तास. जेवणाच्या सुट्टीत पोशाख उतरवत बसण्यापेक्षा तो फक्त शिरस्त्राण काढायचा आणि पाइप ओढायचा. सुट्टीला सायकल मारत घरी जायचा, सुमारे 70 मैल!

1911 पर्यंत 25,800 गोण्या काँक्रीट, 1,14,900 काँक्रीटचे ठोकळे आणि 9 लाख विटा जमिनीत गेल्या. वर दीडशेच्या आसपास मजूर राबत होते, त्यांची नावं कुणी घेत नाही. दक्षिणेच्या भिंतीला जॅक्सननं बाहेरून दगडी टेकूही दिले. 1912 मध्ये आभाराची प्रार्थना झाली, तिला राजा पाचवा जॉर्ज हजर होता. वॉकर 1918 च्या फ्लूच्या साथीत गेला.

पाणी काही हटलेलं नाही. पावसाळी हिवाळ्यात कथीड्रलच्या तळघरात अजूनही पाणी भरतं आणि तिथल्या अँटनी गॉर्मली यांच्या पुतळ्याचे पाय बुडतात.

पुतळ्यावरून आठवलं. 1964 मध्ये वॉकरचा छोटा पुतळा बसवला. शिल्पकाराला एक समूहछायाचित्र दिलं होतं, त्यातला चेहरा निवडताना घोटाळा झाला. पोशाख पाणबुड्याचा आणि तोंड अभियंता फॉक्सचं! दुरुस्त पुतळा यायला 2001 साल उजाडलं.