टेबलाच्या खाली वाकून बघा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘हाताने घडवलेल्या फर्निचरची किंमत कशी ठरते’. त्यावर येतोच. आधी लाकडाबद्दल बोलू द्या, किमतीचं मूळ तिथेच आहे.

पावसाळ्यात कुणाकुणाच्या घरचं दार अडतं? करा हात वर. (हशा) बघा, सगळेच! म्हणजे निम्मं व्याख्यान तुम्हाला आधीच येतंय. झाड तोडून कितीही वर्षं होवोत, लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते हललेलं कळतही नाही. फुगतं-आकसतं ते रुंदीत. सागवान यात बरंच गुणी. तरीही 3 फूट रुंद टेबलटॉपमधला ओलावा 4-5 टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर रुंदीत 7-8 मिलिमीटरचा फरक पडू शकतो.

मुंबईहून नागपूरला बदलून आलेल्या एका कुटुंबाने मला त्यांचं डायनिंग टेबल बघायला बोलावलं. अस्सल सागवान, वर आरशासारखं पॉलिश, खाली लोखंडी चौकट. फोटोत बघाल तर प्रेमात पडाल. घेतलं ऐन पावसाळ्यात, समुद्राच्या हवेत. इथला मे महिना लागला आणि एका रात्री फाट्‌कन आवाज आला. वहिनींना वाटलं, काच फुटली. सकाळी बघतात तर मधोमध उभी चीर, एका टोकाला रुपयाचं नाणं जाईल एवढी!

मी टेबलाखाली शिरलो. दोन्ही कडांना ओळीने स्क्रू, सगळे गच्च आवळलेले. लाकडाला आकसायचं होतं, लोखंड हलू देईना. शेवटी लाकूड फाटलं. दुकानाचं उत्तर काय, तर ‘नैसर्गिक लाकूड आहे, असं होतंच.’ मला याचा खरंच राग येतो. दोष जोडणीचा आणि नाव लाकडाचं! लोखंडी पट्टीत गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक पाडलं असतं, तर स्क्रू त्यात सरकला असता. लाकडी चौकट असेल तर आतून खाच मारायची, तिच्यात जीभ सरकेल असे छोटे ठोकळे टेबलटॉपला लावायचे. टॉप जागचा वर उचलला जात नाही आणि आडवा हलायला मोकळा राहतो.

चिरेवरून जॉर्ज नाकाशिमा आठवले. जपानी वंशाचा हा अमेरिकन वास्तुरचनाकार आणि फर्निचर-कारागीर 1930 च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात ‘गोलकोंडा’ या वसतिगृहाच्या बांधकामावर होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेच त्यांना छावणीत डांबलं आणि तिथे एका जपानी सुताराकडून ते सुतारकामाची हत्यारं चालवायला शिकले. 1964 मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन गेले. लाकडातली मुळातली चीर ते लपवत नसत, तिच्यावर फुलपाखराच्या आकाराचा, दोन्ही बाजू धरून ठेवणारा लाकडी तुकडा बसवत. ती चीर त्यांनी आधी पाहिलेली, जोखलेली असायची. वहिनींच्या टेबलावरची तशी नव्हती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, किंमत.

सहा जणांच्या टेबलात तयार लाकूड साधारण 3 घनफूट. विकत घ्यावं लागतं साडेचार, कारण सालीलगतचं पांढरं लाकूड, गाठी, टोकाच्या चिरा काढाव्या लागतात, शिवाय रंध्याचा भुसा. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आपल्या दाराशी असलं तरी ते मुरलेलं हवं. जाड फळी हवेवर वाळायला इंचाला वर्षभर धरतात. तेवढा काळ माझा पैसा थप्पीत अडकतो. सागवानात वाळूचा अंश असतो, पटाशीची धार लवकर जाते, म्हणून धार लावण्याची मजुरीही किमतीत येते. उरलेली किंमत कुसू आणि खाचेच्या जोडाची, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवण्याची. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून पहिली घासाघीस त्याच्यावरच होते. कृपा करून तिथे करू नका. पैसे वाचवायचे असतील तर पाय साधे ठेवा, जाडी थोडी कमी करा, ड्रॉवर गाळा. आणि दुकानात गेलात तर टॉपवरून हात फिरवण्याआधी खाली वाकून स्क्रू बघा. आज टॉप बसवायचे ते ठोकळे आणलेत, पुढे येऊन हातात घ्या.