डॉक्टरांनी दिलेली तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

नाव नोंदवायला आलेल्या गरोदर बाईला पहिला प्रश्न असतो, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ गावाकडे बऱ्याचदा उत्तर सणावरून मिळतं, ‘नागपंचमीला.’ ही आठवण मोलाची आहे. फक्त त्यावरून बाळंतपणाच्या तारखेचा हिशेब तिथीवर करू नका.

पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, हा जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने चालणारा नियम. हे महिने इंग्रजी कॅलेंडरचे. २०२५ ची नागपंचमी २९ जुलैला होती, म्हणजे तारीख आली ६ मे २०२६. तिथीने मोजलं तर वैशाख शुद्ध पंचमी आणि वर सात दिवस, म्हणजे एप्रिलची अखेर. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून आठवडाभराची तफावत पडते आणि ‘दिवस उलटले’ म्हणून घर उगाच धास्तावतं.

हा नियम २८ दिवसांनी येणाऱ्या पाळीसाठी आहे. तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. काहींना पहिलं मूल अंगावर पीत असतानाच, पाळी न येता दिवस राहतात. मग मोजायचं कुठून?

अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी उपयोगी पडते. तेव्हा डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत बाळाची लांबी मोजतात. त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात, म्हणून चूक पाच-सात दिवसांचीच. पुढे कुणी अंगाने भरतं, कुणी बारीक राहतं. आठव्या महिन्याच्या रिपोर्टवर वेगळी तारीख दिसते ती यामुळेच. ती पाहून पहिली तारीख बदलू नका. तो पहिला रिपोर्ट माता-बाल कार्डासोबत जपून ठेवा.

आणि नेमक्या त्या तारखेला जन्मतात शंभरात जेमतेम चार-पाच बाळं. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर बाळंतपण ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही होऊ शकतं. म्हणून पैसे, गाडी, सोबतीचं माणूस यांची सोय ३६ व्या आठवड्यापर्यंत करून ठेवा. केवळ मुहूर्त साधण्यासाठी ३९ आठवड्यांआधी सिझेरियनचा आग्रह धरू नका, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. तारीख उलटली तर घरी वाट पाहत बसू नका, तपासणीला जा. ४१ आठवडे झाले की कळा आणायच्या का, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं.

अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर तारखेला महिना बाकी असला तरी लगेच आशाताईंना कळवा आणि १०८ ला फोन करा.