मालक कोण? ऊसतोडीच्या हिशेबातला एक रकाना

(दृश्य : रात्रीचे दोन. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एक ट्रॉली काट्यावर चढते.)

ट्रॉली काट्यावर उभी राहिली की आतल्या खोलीत एक चिठ्ठी छापली जाते. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, वाहनाचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख आणि अगदी मिनिटापर्यंत वेळ. ऊस कोणाचा आणि कोणी आणला, सगळं कळतं. तोडणीचाही रकाना असतो. पण त्यात कोड असतो तो मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाचा, नाहीतर वाहतूकदाराचा. दिवसभर उसाच्या फडात ज्यांनी कोयता चालवला, त्या माणसांची नावं या चिठ्ठीवर नसतात. कारखान्याच्या हजेरीवरही नसतात.

ती नावं तिथे का नाहीत, हे शोधत गेलं की ऊसतोडीचा बहुतेक सगळा प्रश्न हाताला लागतो.

(दृश्य : बालाघाटचा डोंगरपट्टा. कुलपं लागलेली घरं. ओट्यावर म्हातारी माणसं.)

दसरा झाला की इथली गावं ओस पडायला लागतात. बीडमधले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी. शेजारच्या जिल्ह्यातले पाथर्डी, जामखेड. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, बाजरीचं पोतं, एखादी शेळी, कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. ट्रॅक्टर निघतो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या बेळगावकडे. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

प्रवरेकाठी १९५०च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्राचं अर्थकारण बदलत गेलं. ऊस वाढला तसे तोडणारे हात कमी पडू लागले. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून ते हात मोठ्या संख्येने बाहेर काढले. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने आहेत आणि तोडणी कामगारांची संख्या दहा लाखांच्या घरात धरली जाते. ‘धरली जाते’ असंच म्हणावं लागतं. साखरेच्या पोत्यांचा हिशेब कारखान्यागणिक मिळतो, माणसांचा मिळत नाही.

माणसं मोजायची रीतही इथे वेगळी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. दहा-वीस कोयत्यांची एक टोळी आणि टोळीचा एक मुकादम. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस साळते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिची मजुरी वेगळी निघत नाही. ती कोयत्यात धरलेली असते.

(दृश्य : मुकादमाची वही. अंगठे, सह्या, आकडे.)

हंगामाची सुरुवात फडात होत नाही, ती उचलीने, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाने होते. पावसाळ्यात बियाणं-खतं घ्यायची असतात, पोरांच्या शाळा असतात, लग्नाचं देणं असतं, दवाखाना असतो. बँक या माणसांना दारात उभं करत नाही. मुकादम पन्नास हजार देतो, लाख देतो, कधी त्याहून जास्त. त्या बदल्यात कोयता सहा महिन्यांसाठी बांधला जातो.

ही उचल मुकादमाच्या खिशातली नसते. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम टोळीला. पैसा या साखळीतून खाली येतो, जबाबदारी मात्र खाली येता येता कुठेतरी नाहीशी होते. कारखान्याला विचारा : ही आमची माणसं नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. कित्येक ठिकाणी तोडणी-वाहतुकीची वेगळी संस्थाच काढलेली असते, म्हणजे करारावर कारखान्याचं नावही येत नाही. वाहतूकदार म्हणतो, मी ट्रॅक्टरवाला. मुकादम म्हणतो, मीही मजूरच, वीस कोयते आणून देतो एवढंच. आणि शेतकरी? तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या बिलातून कापला जातो. म्हणजे मजुरी शेवटी तो भरतो, पण टोळी कधी येणार हेसुद्धा त्याच्या हातात नसतं. टोळीच्या खुशालीचे वरचे पैसे द्यावे लागतात ते वेगळेच.

वाहतूकदाराची बाजूही ऐकायला हवी. उचल घेऊन टोळी आलीच नाही, मुकादमाने फोन बंद केला, दोन कारखान्यांकडून पैसे घेतले, अशा तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यांत जातात. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण वाहतूकदार त्यात खरोखर बुडतो. मग वसुलीसाठी लोक बीडकडे जातात, आणि ती वसुली कायद्याच्या भाषेत होत नाही. कागद नसलेला व्यवहार दोन्ही बाजूंना असाच फिरतो.

(दृश्य : फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या. चुलीचा धूर. पोरगी कडेवर भावाला घेऊन उभी.)

जानेवारी २०२४मध्ये पुण्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला साधारण ३६६ रुपये. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे दोन माणसांचे साडेपाचशे ते सातशे रुपये, आणि दिवस आठ तासांचा नसतो; गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. यातून उचल फिटते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. हातात रोख म्हणून उरतं ते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेलं.

एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. ताप आला तरी खाडा, पाळीत उभं राहवत नाही तरी खाडा.

बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९मध्ये देशभर गेली, तिचं मूळ या एका शब्दात बरंचसं आहे. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही हे मान्य करूनही एवढी तफावत नुसत्या पद्धतीची असू शकत नाही. फडात संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाणी कालव्याचं किंवा मिळेल त्या विहिरीचं. त्यातून अंगावरचं दुखणं, आणि दुखण्याला रजा नाही. मग गावाकडचा खासगी दवाखाना ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ म्हणतो, तेव्हा ते तिला पटतं. खर्चासाठी पुन्हा उचल.

यावर उपाय काय झाला? जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. चुकीचं काहीच नाही. पण खाडा तसाच राहिला.

(दृश्य : मंत्रालय. फायलींचे गठ्ठे.)

सरकारने काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळ झालं. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्याने घालायची, असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये या कामगारांच्या शोषणाची स्वतःहून दखल घेतली.

पण आकडेमोड करून पाहू. राज्यात एका हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. टनामागे दहा रुपये म्हणजे शंभर कोटी, राज्याची भर धरून दोनशे कोटी. दहा लाख माणसांत वाटले तर माणशी वर्षाला दोन हजार. आणि हे सगळे पैसे आले तर. यात विमा बसेल, वसतिगृहाचा काही खर्च बसेल. मुख्य म्हणजे ही कल्याणाची योजना आहे, हक्काची नाही. महामंडळ मदत देऊ शकतं, मजुरी दिली की नाही हे तपासू शकत नाही, कारण मजुरी कोणी द्यायची हेच कागदावर नाही.

कायद्याची गंमत तर आणखी पुढे आहे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९चा कायदा होता, आता तो नव्या श्रम संहितेत गेला. दोन्हीकडे ‘स्थलांतरित’ म्हणजे राज्याची हद्द ओलांडणारा. पाटोद्याची टोळी बेळगावला गेली तर ती स्थलांतरित. तीच टोळी कराडला गेली तर नाही. कोपी तीच, खाडा तोच.

(दृश्य : मुंबईच्या गोदीतली जुनी कृष्णधवल छायाचित्रं. नंतर आजचा नवी मुंबईचा बाजार, पाठीवर गोणी घेतलेला माथाडी.)

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांची अवस्था १९६९पर्यंत अशीच होती. हमाल टोळीने काम करायचे, टोळीवाल्याकडून मजुरी घ्यायचे, एका दिवसात पाच व्यापाऱ्यांचा माल उचलायचे. मालक कोण, या प्रश्नाला तेव्हाही उत्तर नव्हतं. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला आणि त्याने हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. मालक एकच असला पाहिजे, हा हट्टच त्याने सोडला. व्यापाऱ्यांची नोंदणी केली, कामगारांची नोंदणी केली आणि मधे मंडळ बसवलं. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार, रजा. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१मध्ये हाच साचा वापरला गेला.

आमची शिफारस हीच आहे : ऊसतोडीसाठी माथाडीच्या धर्तीवर वैधानिक मंडळ. त्यासाठी स्वतंत्र कायदा करायचा की आहे त्याच कायद्यात भर घालायची, ते वकिलांनी ठरवावं. कारखान्याला गाळप परवाना हवा असेल तर मंडळाकडे नोंदणी आणि लेव्ही. साखर आयुक्त तो परवाना दर हंगामाला देतातच. अट घालायची जागा तयार आहे.

पैशाचं काय? मजुरीवर समजा वीस टक्के लेव्ही धरली, तर टनामागे ७३ रुपये. एका टनातून सरासरी शंभर किलो साखर निघते. म्हणजे किलोला पाऊण रुपयाहून कमी. कारखानदार म्हणतील, साखरेचा किमान विक्री दर केंद्राने २०१९मध्ये ३१ रुपयांवर नेला आणि तिथेच ठेवला, उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, मात्र वाढत २०२४-२५ला टनाला ३,४०० रुपयांवर गेली. तक्रार खरी आहे. पण मग हा पाऊण रुपया साखरेच्या दरात धरा अशी मागणी राज्याने केंद्राकडे करावी. तो शेतकऱ्याच्या बिलातून मात्र कापला जाता कामा नये, नाहीतर फडात शेतकरी आणि टोळी एकमेकांसमोर उभे राहतील आणि बाकीचे बाजूला होतील. यंत्राने तोडणी व्हावी म्हणून हार्वेस्टरला ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदान देता येतं, तर हाताच्या तोडणीसाठी पैसा नाही हे म्हणणं अवघड आहे.

उचल बंद करा, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. जुलैमध्ये पैसे लागणारच, आणि बंदी घातली तर तीच उचल अंधारात आणि चढ्या दराने दिली जाईल. उचल मंडळानेच द्यावी, बँक खात्यात, नवऱ्याच्या आणि बायकोच्या खात्यात निम्मी-निम्मी, लेखी कराराने. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर ठरावीक मर्यादेपलीकडे चढणार नाही आणि खाड्याचा दंड बेकायदा. वाहतूकदारांची फसवणूकही यानेच थांबेल, कारण एका कोयत्याला एका हंगामात दोन उचली मिळणार नाहीत. मुकादम राहील, त्याचं कमिशन राहील. पण परवाना घेऊन. कोप्यांच्या तळावर पाणी, वीज, संडास आणि पाळणाघर ही परवान्याची अट करावी. याला अभ्यासगटाची गरज नाही.

माथाडी कायद्यालाही कीड लागलेली आहे. काम न करता माथाडीच्या नावाने वसुली करणाऱ्यांच्या तक्रारी कारखानदारी पट्ट्यात जुन्या आहेत. ऊसतोडीत नोंदणी मुकादमांच्या हातात गेली, तर तिथेही कागदावरचे कोयते उगवतील. म्हणून नोंदणी गावात व्हावी, ग्रामपंचायतीत, माणूस समोर उभा करून, आणि बाईची वेगळी. कोयता म्हणून नाही.

खरी अडचण कायद्याची नाही. कारखान्याचा अध्यक्ष आणि विधानसभेचा सदस्य ही एकच व्यक्ती असणं महाराष्ट्रात नवलाचं नाही. ज्यांनी लेव्ही भरायची, त्यांच्यातलेच अनेकजण ती ठरवायला बसणार. मात्र दराचा करार साधारण तीन वर्षांनी पुन्हा होतो, तेव्हा कारखान्यांना टोळ्यांची गरज असते आणि कोयता बंदची भाषा ऐकली जाते. आजवर त्या वेळी संघटनांनी टक्केवारी मागितली. चौदा टक्के, चौतीस टक्के. पुढच्या वेळी मागणीपत्रात मंडळ पहिलं आणि टक्का दुसरा असावा.

(दृश्य : पुन्हा काटा. चिठ्ठी छापली जाते. कॅमेरा तोडणीच्या रकान्यावर थांबतो.)

मंडळाला वेळ लागेल. या हंगामात एक गोष्ट होऊ शकते, साखर आयुक्तांच्या एका आदेशाने. हा रकाना. इथे मुकादमाच्या कोडशेजारी टोळीचा नोंदणी क्रमांक छापायचा. मग या खेपेचं वजन टोळीतल्या प्रत्येकाच्या, प्रत्येकीच्या मोबाइलवर जाईल. संगणक आहे, काटा आहे, छपाईयंत्र आहे. चिठ्ठीवर जागाही आहे.

(दृश्य : ट्रॉली काट्यावरून उतरते. मागची पुढे सरकते.)