कमरेएवढं पाणी

वरून हे तळं आरशासारखं दिसतंय. वारा पडलेला, एक लाट नाही. आपल्याला वाटेल, विमान उतरवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? सीप्लेनचा वैमानिक मात्र असं पाणी दिसलं की सावध होतो.

कारण त्याला पाणी दिसतच नाही, दिसतं ते आभाळाचं प्रतिबिंब. पृष्ठभाग वीस फूट खाली आहे की दोन फूट, हे डोळ्यांना उमगत नाही. म्हणून तो काठाच्या कडेकडेने येतो. इंजिनाला थोडी ताकद देत, नाक किंचित वर धरून, मिनिटाला साधारण 150 फूट अशा संथपणे उतरत राहतो. फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी बसवलेले होडीसारखे पोकळ तरंगते भाग, पाण्याला लागेपर्यंत घाई करायची नाही. यात पाण्याची खूप लांबी मागे सरते, आणि लहान तळ्यात तेवढी लांबी नसते.

त्यात तळ जवळ असेल तर? दुर्गम भागात पाण्याखाली काय आहे हे सांगणारं कुणी नसतं. वैमानिक वरून घिरट्या घालून रंग वाचतो. फिकट पट्टा दिसला तर वाळू, गडद दिसला तर खोली. पण गढूळ नदीत हा अंदाजही फसतो. पाणी पिऊन जड झालेला ओंडका पृष्ठभागाच्या वीतभर खाली उभा तरंगत असतो, तो वरून दिसत नाही. पुरानंतर वाळूचा दांडाही जागा बदलतो.

फ्लोटला पाण्यात ब्रेक नसतात. वेगात असताना ते वाळूत रुतले की खालचा भाग जागीच अडतो, वरचं धूड पुढे जातं आणि विमान नाकावरून पालथं होतं. ज्या फ्लोटना चाकंही असतात, ती चाकं चुकून खाली राहिली तर खोल पाण्यातही हेच घडतं.

आता हे चित्र नीट पाहा. फ्लोट आतून वेगवेगळ्या बंद कप्प्यांचे, त्यामुळे ते वर राहतात. केबिन जाते त्यांच्याखाली. माणसं पट्ट्याला उलटी लटकलेली, डोकी सगळ्यात खाली. बाहेर उभं राहिलं तर पाणी कमरेला लागेल, आणि आत तेवढंच पाणी जीव घ्यायला पुरतं.

29 नोव्हेंबर 2009. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या साटर्ना बेटाजवळ बीव्हर जातीचं एक छोटं सीप्लेन उडाल्यावर लगेच पाण्यात कोसळलं. आत आठ जण होते, सहा गेले. हा अपघात उतरतानाचा नव्हता, तरी प्रश्न तोच होता: बुडत्या केबिनमधून बाहेर कसं पडायचं? तपासानंतर कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली की सीप्लेनमधून चटकन निघता येईल असे मार्ग असावेत, आणि जीवरक्षक जाकीट सीटखाली न ठेवता अंगावरच असावं. मला ही दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. उलट्या, अंधाऱ्या पाण्यात सीटखाली चाचपडायला वेळ कुणाकडे असतो?

पण जाकीट आत असताना फुगवायचं नाही. फुगलं की ते माणसाला वर ढकलून केबिनमध्येच अडकवतं.

आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. विमान उलटलं तरी, पट्टा बांधलेला असेपर्यंत, उजवीकडचं दार उजव्याच हाताला असतं. पट्टा सुटला की दिशाही सुटते. म्हणून एका हाताने आधी दाराची मूठ धरायची, दुसऱ्याने पट्टा. धक्क्याला बांधलेल्या एका सीप्लेनमध्ये वैमानिक आत्ता प्रवाशांकडून तेच करून घेतोय. डोळे मिटा. मूठ शोधा. पुन्हा एकदा.