किल्ल्यावरची चित्रं रंगवताना

मंडळी, दिवाळी तोंडावर आली आहे. अंगणात दगड-विटांचे ढीग पडले आहेत, पोती भिजत घातली आहेत. किल्ला कसा बांधावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी किल्ल्यावर मांडायच्या चित्रांबद्दल बोलणार आहे. मातीच्या मावळ्यांना, तुतारीवाल्याला, गवळणीला आपल्याकडे ‘चित्रं’च म्हणतात, आणि मला तो शब्द फार योग्य वाटतो. साच्यातून निघतो तो नुसता आकार. त्याचं चित्र होतं ते रंगानं.

दरवर्षी एक तक्रार ऐकतो, ‘किती भडक रंगवता! खरे मावळे काय असे दिसत असतील?’ आणि मग हौशी मंडळी सगळ्यांना मातकट रंग देतात. जरा हिशेब करू. साडेपाच फुटांचा माणूस आपण तीन इंचांत बसवतो, म्हणजे 22 पट लहान करतो. खऱ्या पागोट्याची घडी अर्धा इंच खोल असेल, तर इथे ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची उरते. एवढ्याशा घडीत सावली पडत नाही. म्हणून ऊनही आपणच रंगवायचं आणि सावलीही. त्यात मागे गेरूची तटबंदी, भोवती अळिवाची हिरवळ आणि बघणारा चार फुटांवर उभा. तिथे हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, मोरपंखी असेच रंग उठून दिसतात. भडकपणा इथे गरजेचा आहे.

मात्र भडक म्हणजे थापलेला नव्हे. चौथीत असताना मी एका भालदारावर घट्ट ऑइलपेंट चढवला. सुकल्यावर पाहतो तर नाक, ओठ, बोटं, सगळं बुजून गेलेलं. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून रंग पातळ ठेवायचा आणि दोन हात द्यायचे, हे मी सोडलेलं नाही. त्याआधी साच्याची कडेची शिवण चाकूनं खरवडून घ्यायची आणि पांढऱ्याचा एक हात द्यायचा, नाहीतर माती पाणी शोषते आणि रंगाला डाग पडतात.

सावलीसाठी काळ्याची बाटली उघडू नका. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी छटा येते. पिवळ्याच्या घडीत पातळ गेरू सोडा, तो आपोआप खोलात जाऊन बसतो. लालाचा उंचवटा पांढऱ्यानं उजळलात तर गुलाबी होईल. तिथे शेंदरी घ्या.

आता डोळा. आपली बहुतेक चित्रं इथेच बिघडतात. पांढरा ठिपका आणि मधोमध काळा टिंब दिला की मावळा दचकल्यासारखा दिसतो. आधी गडद तपकिरी रंगानं पापणीची बारीक रेघ ओढा. तिच्याखाली पांढऱ्याचा निमुळता ठिपका. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं, वरून थोडं झाकलेलं. एवढं केलंत की नजर स्थिर होते आणि तो पहाऱ्यावर उभा आहे असं वाटतं. दोन्ही डोळ्यांची बुबुळं एकाच दिशेला आहेत ना, ते चित्र आरशासमोर धरून पाहा. चूक लगेच सापडते.

यासाठी लोक तीन शून्यांचा ब्रश शोधत फिरतात. त्याच्या टोकावर रंग इतका थोडा राहतो की चेहऱ्यापर्यंत पोचेतो सुकतो. एक नंबरचा, चांगलं टोक असलेला ब्रश घ्या. आणि एक कळकळीची विनंती, मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्यासाठी मुंगसं मारली जातात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार गुन्हा आहे. कृत्रिम केसांचे ब्रश आता उत्तम मिळतात.

प्रत्येकासमोर एक तुतारीवाला ठेवला आहे. पांढरा सुकलेला आहे. शेला आणि तुतारी शेवटी. आधी चेहरा घेऊ.