पुवाला वाट द्या
(घोडेमालक आणि नालबंदांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, रात्री धडधाकट बांधलेली घोडी सकाळी एक पाय उचलून तीन पायांवर उभी असते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मग मालकाचा फोन येतो आणि फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, घोडीचा खांदा उतरला जी." खांद्याला तेल चोळून झालेलं असतं, कोणीतरी डाग द्यायला लोखंड तापवत असतो. खांदा उतरलेला मात्र फार क्वचित सापडतो. घोड्याच्या पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरात असतं. म्हणून पाय खालून वर तपासायचा. एका रात्रीत असं जबर लंगडणं आलं तर पहिला संशय खुरातल्या पुवावर घ्या. हाड मोडल्यावरही घोडा असाच उभा राहतो, तेव्हा घरच्या घरी निदान करून मोकळे होऊ नका.

एवढं दुखतं कशानं? दारात बोट चेमटलं, नखाखाली रक्त साचलं, की रात्रभर ठणका लागतो ना, तसंच हे. खूर टणक, फुगायला जागा नाही. आत चमचाभर पू झाला तरी त्याचा दाब जिवंत भागावर येतो. बैलाच्या एका पायाला दोन खूर, एक दुखला तर तो दुसऱ्यावर भार टाकून चार दिवस ढकलतो. घोड्याला ती सोय नाही.

आपल्याकडे हे होतं कसं, ते बघा. तळवा आणि खुराची भिंत जिथं जुळते तिथं एक पांढरी रेघ असते. खुराचा सगळ्यात कच्चा भाग तोच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात खूर दिवस-दिवस भिजतो, मऊ पडतो, मग उन्हाची उघडीप आली की वाळतो. भिजणं-वाळणं असं चालू राहिलं की ती रेघ उसवते आणि त्यात खडा, माती, जंतू शिरतात. पाऊस सरला की दुसरा धोका. तूर कापल्यावर वावरात तिरपी, टोकदार खुंटं उरतात. पऱ्हाटी उपटली तरी तुटकी बुडखं राहतातच. अशा वावरात घोडी चरायला सोडली की तळव्यात भोक पडतं. भोक बुजतं, घाण आत राहते, आणि लंगडणं काही दिवसांनी सुरू होतं, तोवर खुंट कोणाला आठवत नाही. तिसरी वाट नालेच्या खिळ्याची. खिळा जरा आतल्या अंगानं गेला की पुवाला निमंत्रणच. त्यावरून नालबंदाशी भांडू नका, घोडीनं ऐन वेळी पाय झटकला तर चांगल्या हातूनही असं होतं.

तपासताना दोन्ही खुरांवर तळहात ठेवून बघा. दुखरा खूर सहसा जास्त गरम लागतो, पण उन्हात उभ्या घोडीचे चारही खूर गरम असतात, हे लक्षात असू द्या. त्याहून भरवशाची खूण म्हणजे नाडी. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंनी बोटं ठेवा. निरोगी पायात ती जेमतेम लागते, पू असला की बोटाखाली टणटण उडते. मग खूर घासून धुवायचा आणि चिमट्यानं तळवा थोडा-थोडा दाबत जायचं. दुखऱ्या जागी घोडी पाय हिसकते.

एका गावी वरातीची पांढरी घोडी होती. आधी इंजेक्शनं झालेली, लंगडणं कमी व्हायचं आणि परत यायचं. गावच्या नालबंद चाचांनी नाल काढली, तळव्याची वरची मळकट पापडी खरवडली. पांढऱ्या रेघेत मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. बाजूचे ठिपके एका खरवडीत निघून गेले, हा मात्र खाली-खाली जात राहिला. चाचा सुरीच्या टोकानं त्याच्यामागे गेले आणि एकदम राखाडी-काळं, पातळ पाणी फुसकन उडालं. वास असा की पाय धरणाऱ्या पोरानं तोंड फिरवलं. घोडीनं लांब श्वास सोडला आणि थोड्या वेळानं पाय टेकवला.

चाचांनी पाडलेलं भोक वाटाण्याएवढं होतं, हे महत्त्वाचं. पू वाहील एवढंच भोक हवं. हौसेनं मोठा खड्डा केला तर आतला लाल मऊ भाग बाहेर डोकावतो आणि तो बरा व्हायला पुवापेक्षा जास्त दिवस खातो. रक्त दिसलं की सुरी थांबवा. ठिपका सापडलाच नाही तर उगाच खणत बसू नका. रोज पोटीस बांधा, तळवा मऊ होतो, पू जवळ येतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघता येतं. जवस आपल्याकडे पिकतोच. जवसाचं पीठ आणि गव्हाचा कोंडा गरम पाण्यात कालवून, हाताला सोसेल एवढं कोमट झाल्यावर खुराला लावा, वरून जाड प्लास्टिक आणि पट्टी. लहान बाळाचं डायपर खुराला फार छान बसतं. मेडिकलवाला हसेल, हसू द्या.

भोक पडल्यावर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पंधरा-वीस मिनिटं खूर बुडवा, दिवसातून एक-दोनदा, तेही सुरुवातीचे थोडेच दिवस. महिनाभर भिजवलं तर खूरच कुजका होतो. नंतर साखर आणि पोविडोन आयोडीनचा घट्ट लगदा भोकात भरून पट्टी बांधा, शेणमूत आत जाऊ देऊ नका. बिब्बा, बॅटरीचं पाणी, तापलेली सळई यांपैकी काही त्या भोकात जाता कामा नये. बांधायच्या जागी कुटाराचा जाड, कोरडा थर घाला.

आता इंजेक्शनाचं. बंद पुवापर्यंत प्रतिजैविक नीट पोचतच नाही, म्हणून वाट न पाडता सुया टोचत राहणं म्हणजे पैसे घालवणं. सूज पाय चढायला लागली, ताप आला किंवा हाडा-सांध्याची शंका असली तर मात्र ते लागतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. दुखणं मारणारं औषधही त्यांनाच विचारून. माणसाच्या दुकानातलं डायक्लोफेनॅक जनावराला अजिबात देऊ नका. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत चालली, म्हणून 2006 साली पशूंसाठी त्यावर बंदी आली आहे. धनुर्वाताची लस मात्र विसरायची नाही. धनुर्वात घोड्याइतका लवकर क्वचितच कुठल्या जनावराला होतो, आणि खुरातली खोल, बंद जखम त्या जंतूला फार मानवते.

हट्टी पुवाची गोष्ट वेगळी. वाट मिळाली की एक-दोन दिवसांत घोडी निम्मी तरी सुधारायला हवी. नाही सुधारली तर दुसरा कप्पा राहिला असेल. कधी पू भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेला फुटतो. तिथली आडवी चीर घाबरण्यासारखी नाही. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्याबरोबर ती खाली उतरत जाते. पण त्याच खुरात, त्याच जागी पुन्हा-पुन्हा पू होत असेल तर आत काहीतरी बसलंय : खुंटाचा तुकडा, हाडाची मेलेली कपची किंवा भिंतीच्या आत वाढलेली शिंगासारखी गाठ. त्यासाठी एक्स-रेच हवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तिकडे विचारा. गावात जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी बोलवायची तर 1962 वर फोन लावा. पू वेगवेगळ्या खुरांत होत असेल तर खुराची भिंत आतल्या हाडापासून सुटण्याचा आजार (लॅमिनायटिस) आहे का, तेही तपासून घ्या. आणि एक पाय फार दिवस उचललेला राहिला तर सगळा भार पडून जोडीच्या पायाचा चांगला खूरही याच आजारानं जातो, म्हणून आठवडा-आठवडा वाट बघू नका.

तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणात खिळा रुतलेला दिसला तर तो ओढून फेकू नका. त्याच्या आत सांधा आणि कंडरेची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची) पिशवी आहे. मोबाईलवर फोटो काढा, घोडी जागची हलवू नका, डॉक्टरांना तिथंच बोलवा. चालताना तो आणखी आत जाईलच अशी वेळ असेल तर काढा, पण किती खोल आणि कोणत्या दिशेनं गेला होता ते लिहून ठेवा, आणि खिळा जपून ठेवा.

मघाशी मागून एका भावानं विचारलं, घोडी दोन दिवसांत चालायला लागली, पुढच्या आठवड्यातल्या वरातीचा इसार घेतलाय, न्यावी का? नाही. लंगडणं थांबलं म्हणजे भोक भरलं असं नाही. आतली जागा कोरडी, टणक होऊ द्या, बोटानं दाबल्यावर घोडीनं पाय हलवता कामा नये. मग चाचांना सांगून नालेखाली चामड्याचा तुकडा टाकून घ्या आणि पहिले काही दिवस डांबरी रस्त्यावर नाचवू नका. या वरातीचा इसार परत करा.