मणक्यात दिलेले गुंगीचे औषध हृदयावर काय परिणाम करते?

नमस्कार. मांडीचे हाड मोडलेला एक कुत्रा टेबलावर पोटावर झोपवलेला आहे, त्याचे मागचे पाय पुढे घेतलेले आहेत आणि पशुवैद्य कमरेच्या दोन्ही हाडांच्या उंचवट्यांमधला खळगा बोटाने चाचपत आहेत. कमरेचा सातवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली ही फट. एपिड्यूरलची, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडणाऱ्या इंजेक्शनची, सुई इथून आत जाते. कुत्रा आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूने आधीच बेशुद्ध आहे, तरीही हे इंजेक्शन देतात, कारण वेदना मज्जारज्जूपाशीच अडली की आयसोफ्लुरेन कमी लागते, आणि रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारा हा वायू जितका कमी लागेल तितके चांगले.

या इंजेक्शनात कधीकधी झायलाझिन, मेडेटोमिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन घालतात. ही मुळात गुंगीची औषधे असली, तरी मज्जारज्जूतल्या अल्फा-२ रिसेप्टरवर बसून ती वेदनाही थोपवतात. मात्र मणक्यात दिलेले औषध मणक्यातच राहते, हा समज मनातून काढून टाकायला हवा. ही औषधे चरबीत सहज विरघळतात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर शिरांचे दाट जाळे असते, आणि त्यातून औषधाचा काही भाग लवकरच रक्तात उतरतो. याउलट, मणक्यात दिले जाणारे दुसरे वेदनाशामक, मॉर्फिन, पाण्यात विरघळणारे असल्याने मज्जारज्जूपाशी बराच काळ टिकते आणि त्याचा हृदयावरील परिणाम सहसा सौम्य असतो.

रक्तात उतरलेले औषध आधी शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, आणि तो वाढल्याचे कळताच शरीर हृदयाचा वेग उतरवते. समजा, मिनिटाला 110 असलेले ठोके 55 वर आले आणि सरासरी रक्तदाब 75 वरून 95 वर गेला. मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा सुधारलेला दिसतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी नेमकी इथेच वाटते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध, इतक्या कमी ठोक्यांनी हृदय मिनिटाला जेवढे रक्त पुढे ढकलते, ते प्रमाण घटलेले असते. रक्तदाब चांगला असूनही अवयवांना रक्त कमी पोहोचत असते. अशा वेळी ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात: त्या फिकट असतील, तर त्या आकड्यावर विसंबू नये. पुढे मेंदूतील परिणाम वरचढ होतो, वाहिन्यांवरचा ताण सैलावतो आणि रक्तदाब उतरू लागतो, पण ठोके मात्र मंदच राहतात. ईसीजीवर अधूनमधून एखादा ठोका गळलेलाही दिसतो.

मग ठोके वाढवणारे अ‍ॅट्रोपिन लगेच द्यावे का? वाहिन्या आवळलेल्या असताना ठोके जबरदस्तीने वाढवले, तर रक्तदाब आणखी चढतो आणि हृदयाची ऑक्सिजनची गरजही वाढते. म्हणून रक्तदाब चांगला असेल, तर आधी आयसोफ्लुरेन कमी करून पाहणे मला योग्य वाटते. एपिड्यूरलमुळे त्याची गरज तशीही घटलेली असते. ठोके मंद आणि रक्तदाबही खाली, अशी स्थिती आली, तर मात्र अ‍ॅट्रोपिनचा विचार करावा लागतो. अ‍ॅटिपॅमेझोल हा या औषधांचा थेट उतारा आहे, पण तो हृदयावरील परिणामाबरोबर वेदनाशमनही काढून घेतो. तेव्हा तो देण्याआधी दुसरे वेदनाशामक तयार असावे. हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप गळत असलेल्या कुत्र्यात तर मी ही औषधे मणक्यातूनही टाळते आणि नुसत्या मॉर्फिनवर भागवते, कारण वाहिन्या आवळल्या की त्या झडपेतून मागे गळणारे रक्त वाढते.